झोपेवर संशय घेणारे सोनवणे

मधुकर सोनवणे यांनी न्हावरे येथील आपलं औषधाचं दुकान गेल्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास कायमचं बंद केलं. शटर ओढून कुलूप लावलं, जागामालकासाठी चावी शेजारच्या खतांच्या दुकानात दिली आणि ते दौंडकडे जाणाऱ्या एसटीत बसले. हे पाहणारे दोघे होते. दोघांनीही सारखंच सांगितलं.

दुकान सहा वर्षं चाललं. त्याआधी सोनवणे दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात औषधनिर्माते होते. इंजिनचालक, गार्ड, पॉइंट्समन अशा पाळीपाळीनं जागणाऱ्या माणसांना औषधं देण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर न्हावऱ्याला का आलात, असं विचारलं की ते दोन कारणं सांगत. एक, बायकोचं माहेर इथलं. दुसरं, "इथले लोक झोपेबद्दल दौंडकरांपेक्षा जास्त खोटं बोलतात." चौकशी केली तेव्हा दिवंगत बायकोचं माहेर शेजारच्या निमोण्याचं निघालं. म्हणजे पहिलं कारण जवळपास खरं होतं. दुसऱ्याची खात्री करता आली नाही.

उंच, सडपातळ माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी येईल असं बांधलेलं घड्याळ. सगळ्यांना अहो-जाहो, खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या शाळकरी मुलीलासुद्धा. गल्ल्यामागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्या फोटोमुळे काही लोक दुकानात येत आणि काही येत नसत. सोनवण्यांना दोन्ही प्रकारचे लोक नावानिशी माहीत होते. "झोप उडाली की दुसऱ्या प्रकारचेही येतात," असं ते म्हणत.

मी शिरूरला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. बातमीच्या फेरीत न्हावऱ्याला थांबलो की त्यांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचो. तिथून जे दिसलं आणि ऐकू आलं, त्यातलं बरंचसं खाली आहे.

झोपेची गोळी मागायला आलेल्या माणसाला सोनवणे चिठ्ठी विचारत नसत. आधी दुसरंच विचारत.

"साहेब, झोप येत न्हाई. एखादी गोळी द्या."

"फीडर कोणता?"

"आँ?"

"तुमच्या मोटारीला लाईट कोणत्या फीडरवरून येते?"

शेतीपंपाची थ्री फेज लाईट या भागात एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. कोणत्या फीडरला कोणती पाळी, याची पाटी सोनवण्यांनी औषधांच्या कपाटाशेजारी टांगली होती. दर सोमवारी ते वायरमनला फोन करत आणि खडूनं ती बदलत. नवख्या माणसाला वाटे, हे लाईटबिलाचं केंद्र आहे.

"या आठवड्यात तुमची रात्रीची. गेल्या आठवड्यात दिवसाची. पुढच्या सोमवारी परत दिवसाची. इंजिन ड्रायव्हरचं हेच व्हायचं. अंगाला एका वेळेची सवय लागते न लागते तोच पाळी बदलते. तुमच्या डोक्यातलं घड्याळ वायरमनच्या हातात आहे. त्याला गोळी काय करणार?"

"मग काय करू? ऊस वाळू देऊ?"

"ऊस भिजवा. पहाटे दारं धरून आलात की चहा पिऊ नका. खिडकीला पोतं लावा. अंधार करा. घरच्यांना सांगा, अकरापर्यंत हाक मारायची नाही."

"घरात पोतं लावून दिवसा झोपलो तर गाव काय म्हणंल?"

"गाव आत्ता काय म्हणतं?"

"म्हणतंय, ह्यो बांधावर बसून पेंगतो."

"मग दोन्हीकडे बोलणी आहेतच. झोपून खा."

पुढचा प्रश्न चहाचा असे, त्यापुढचा दुपारच्या झोपेचा, मग मोबाईल रात्री कुठं असतो याचा. या भागातल्या उसात बिबट्या असतो. रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी वळवायला गेलेला माणूस घरी येऊन आडवा झाला तरी त्याचे कान शेतातच राहतात, हेही सोनवणे धरून चालत. शेवटी ते म्हणत, "आता बायकोला पाठवा." कारण माणूस स्वतःच्या झोपेचा साक्षीदार नसतो, असं त्यांचं मत होतं. झोप लागली नाही म्हणणारा रात्रभर घोरत असतो आणि मस्त झोपलो म्हणणाऱ्याचं अंथरूण सकाळी युद्ध झाल्यासारखं असतं. "माझा विश्वास बायकोवर. तोही अर्धा. ती पण झोपलेली असते."

एक आबा दर पंधरा दिवसांनी येत. वय ऐंशीच्या घरात. तक्रार एकच, रात्रभर टक्क जागा असतो. सोनवण्यांनी एकदा त्यांना बाकावर बसवून दिवस विचारला. आबा सात वाजता जेवत, साडेसातला आडवे होत. दुपारी बारा ते अडीच लिंबाखाली.

"जाग कधी येते?"

"दोन वाजता. मग डोळ्याला डोळा न्हाई."

सोनवण्यांनी बोटांवर हिशेब केला. "आबा, तुमची झोप दोन वाजता पूर्ण होते. उरलेली रात्र तुमची नाही."

"मग कुणाची?"

"बिबट्याची. त्याला त्याची वापरू द्या. तुम्ही दुपारी लिंबाखाली फक्त बसा. आणि रात्री दहापर्यंत जागा."

"दहापर्यंत जागून करू काय?"

"नातवाशी भांडा."

आबा चिडून गेले. दुसऱ्या दुकानात गेले असावेत. महिनाभरानं परत आले तेव्हा त्यांनी झोपेचा विषय काढला नाही, पायाच्या भेगांचं मलम मागितलं. सोनवण्यांनी लगेच विचारलं, "झोप?" आबा म्हणाले, "नातू लई उलटं बोलतो." सोनवण्यांनी एवढंच नोंदलं.

नोंदलं म्हणजे खरंच नोंदलं. दुकानात दोन वह्या होत्या. एक कायद्यानं ठेवावी लागते ती. झोपेच्या आणि तशा इतर गोळ्या कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर कुणाला दिल्या, याची. दुसरी लाल पुठ्ठ्याची, त्यांची स्वतःची. तिच्यात फीडर, चहा, घोरणं, जाग येण्याची वेळ असे रकाने होते. ही दुसरी वही गावात चर्चेचा विषय होती. कोण कोणत्या रात्री घरी होतं आणि कोण नव्हतं, हे तिच्यावरून कळतं, असा समज होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी एक सदस्य दुकानात आले आणि वही बघायला मागितली.

"दाखवतो," सोनवणे म्हणाले. "पण फक्त तुमचं पान."

"माझंबी पान हाय?"

"वहिनी मागच्या महिन्यात येऊन गेल्या."

सदस्य तसेच परत गेले. वही पुन्हा कुणी मागितली नाही. ती कशासाठी ठेवता, असं मी विचारलं होतं. "मला सांगितलेलं मी विसरतो. आणि लोक दर वेळी वेगळं सांगतात. दोन्ही ताडून बघावं लागतं," एवढंच उत्तर मिळालं.

घरगुती उपायांना त्यांचा विरोध नव्हता, पण त्यांच्यावरही भरवसा नव्हता. तळपायाला काशाच्या वाटीनं तेल चोळावं का, असं एका कारखान्यातल्या कामगारानं विचारलं. सोनवणे म्हणाले, "जरूर चोळा. दोन्ही हातांनी चोळा. झोप तेलानं येते की नाही मला माहीत नाही, पण तेवढा वेळ मोबाईल खाली ठेवावा लागतो." त्याच कामगारानं पुढच्या आठवड्यात जाहिरातीतल्या झोपेच्या गोड गोळ्यांची बरणी आणून दाखवली. सोनवण्यांनी बरणीवरचं बारीक अक्षर भिंग लावून शेवटपर्यंत वाचलं. बराच वेळ लागला. मग बरणी परत देऊन म्हणाले, "यात किती काय आहे ते लिहिलंय. तेवढंच आहे, हे कुठं लिहिलंय?"

जायफळाची गोष्ट मात्र त्यांनी हसण्यावारी नेली नाही. मांडवगण फराट्याची एक सून आपल्या सासूबरोबर आली होती. कडेवर चार महिन्यांची मुलगी. आली होती ग्राइप वॉटर न्यायला. बोलता बोलता सासू कौतुकानं म्हणाली, "नात गुणाची हाय. दूध पिली की झोपती, उठवल्याबिगर उठत न्हाई."

सोनवण्यांचा हात थांबला. "चार महिन्यांचं बाळ गुणाचं नसतं. गुटी देता?"

"देतो की. माझ्या सहाबी लेकरांना दिलीया."

"जायफळ?"

"चार वळसे. आमच्यात चारच असत्यात."

"सहाण कोणती?"

सासूला प्रश्नच कळला नाही. सुनेला कळला. मागच्या वर्षी भावाभावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा घरातली जुनी सहाण थोरल्या जावेकडे गेली. या धाकट्या सुनेनं जत्रेत नवी घेतली. सोनवण्यांनी त्यांना आधी बाळ डॉक्टरला दाखवायला पाठवलं, ग्राइप वॉटर दिलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही सहाणी घेऊन बोलावलं. दोघी आल्या. पिशवीतून दोन दगड निघाले. एक तीन पिढ्यांनी उगाळून काचेसारखा गुळगुळीत झालेला, दुसरा टाकीचे घाव ताजे असलेला. सोनवण्यांनी एकाच जायफळाचे दोन्हींवर चार चार वळसे घेतले. जुन्या सहाणेवर नुसता डाग उमटला. नवीवर बोटभर चिखल.

सासूनं नव्या सहाणेवरचा चिखल बोटानं पुसून पाहिला. मग म्हणाली, "आगं बया. मी तर मोजून देत व्हते."

"मोजलं बरोबर. दगड बदलला."

जायफळ बंद झालं. चार दिवसांनी सासू एकटी येऊन सांगून गेली, "रडतीया हो आता झकास."

संपतचं प्रकरण यानंतरचं. निमोण्याहून न्हावऱ्याच्या एका खासगी शाळेत मुलं आणणारी व्हॅन संपत चालवतो. व्हॅन त्याची स्वतःची. वय चव्वेचाळीस, मान आखूड, जाड, पोट सुटलेलं. स्वभावानं हसरा. सकाळी मुलं सोडली की तो दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला यायचा. रोज. सोनवण्यांनी दोन आठवडे दिली आणि तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "डोकं सकाळीच का दुखतं?"

"झोपून उठलो की जड असतंय. पर झोप झ्याक लागती साहेब. पडलो की घोराय लागतो."

"घोरता म्हणजे झ्याक झोपता, हे कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणत्यात. बाप घोरायचा तवा आई म्हणायची, बरं झालं, दमलाय, झोपला."

गणपतीनंतरच्या एका दुपारी शाळा सुटायची वाट बघत संपत दुकानाबाहेरच्या बाकावर आडवा झाला. मी तिथंच होतो. मिनिटभरात घोरणं सुरू झालं, मग मध्येच थांबलं. पूर्ण शांत. सोनवणे गल्ल्यामागून बाहेर आले, संपतच्या उशाशी उभे राहिले आणि त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ बघायला सुरुवात केली. छाती हलत होती, पण नाकातोंडातून हवा जात नव्हती. मग एक मोठा आचका, फुरफुर आणि परत घोरणं. थोड्या वेळानं तेच.

खतांचा दुकानदार बाहेर आला. "काय साहेब, घोरण्याची नाडी बघताय व्हय?"

"गप्प बसा," सोनवणे म्हणाले. त्यांना कुणाला असं बोलताना मी एकदाच ऐकलं.

संपतला उठवून त्यांनी सांगितलं. घशातली वाट झोपेत मिटते. श्वास अडतो. मेंदू दचकून जागं करतो आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. रात्रभरात असं किती वेळा होतं ते तपासणीत कळतं. म्हणून सकाळी डोकं जड, म्हणून दिवसा डुलकी. पुण्याला छातीच्या डॉक्टरकडे जा, एक रात्र तपासणी होते. आणि तोवर व्हॅन चालवू नका.

संपत हसला. "त्यापरीस एक झोपेची गोळी द्या. गाढ लागंल."

"गोळीनं घसा आणखी सैल पडेल. तुम्हाला ती मी चिठ्ठी आणलीत तरी देणार नाही. ज्यानं दिली त्याला फोन करीन."

पंधरा दिवस त्यांनी वाट पाहिली. संपत गेला नाही. डोकेदुखीच्या गोळ्या दुसरीकडून घेऊ लागला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोनवण्यांनी त्याला रस्त्यात गाठून दुकानात आणलं.

"सोमवारी मी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना सांगणार आहे. तुमच्या माघारी जाणार नाही, म्हणून आधी सांगतोय."

"माझ्या पोटावर पाय का देताय? गाडीचं हप्तं अजून चालू हाईत."

"व्हॅनमध्ये मुलं किती?"

"चौदा."

"तुमची दोन धरून?"

संपत उठून निघाला. जाताना बाहेरून म्हणाला, "मला समजतंय सगळं. गाडी कुणाला पायजे ते."

सोमवारी सोनवणे शाळेत गेले. त्याच आठवड्यात आमच्या शिरूरच्या कार्यालयात निनावी पत्र आलं. अक्षर वळणदार होतं. न्हावऱ्याचा औषधवाला घराघरांतल्या बायकांना नवऱ्याच्या झोपेविषयी विचारतो, वहीत लिहून ठेवतो, असं त्यात होतं. पुढं होतं की संपतच्या व्हॅनवर त्याचा डोळा आहे, कारण त्याचा सख्खा भाचा तीच फेरी मागतो आहे. शाळेच्या फायलीत बघा.

पत्र कुणी लिहिलं ते आजतागायत कळलेलं नाही. संपतनं आपण लिहिलं नसल्याचं सांगितलं आहे.

मी शाळेत गेलो. कारकुनानं वाहतुकीची फाइल काढली. जून महिन्यातला अर्ज वरच होता. दौंडच्या प्रशांत नावाच्या तरुणाचा, निमोणे–न्हावरे फेरी मिळावी म्हणून. मी त्याचा मोबाईलवर फोटो घेतला. प्रशांत सोनवण्यांच्या बहिणीचा मुलगा, हे दौंडला फोन करून पक्कं केलं. मग दुकानात गेलो.

"तुमच्या भाच्यानं अर्ज केला होता?"

"केला होता."

"संपतला काढायला सांगण्याआधी?"

"चार महिने आधी."

"यावर काय म्हणायचंय?"

सोनवण्यांनी चष्मा काढून पुसला. "फाइल बघितलीत?"

"अर्ज बघितला. फोटो आहे."

"अर्ज खरा आहे," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. "फीडर कोणता?"

बातमी पाच ओळींची होती. चालकाच्या झोपेबद्दल औषध विक्रेत्याची शाळेकडे तक्रार, त्याच फेरीसाठी विक्रेत्याच्या भाच्याचा अर्ज, अर्ज केल्याचं विक्रेत्याला मान्य. शीर्षकात प्रश्नचिन्ह होतं. बातमीतलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

त्यानंतर गिऱ्हाईक कमी झालं. बायका झोपेबद्दल बोलेनाशा झाल्या. पोरं दुकानावरून जाताना मुद्दाम घोरायची. पाटीवर खडूनं कुणीतरी 'भाचा फीडर' असं लिहून गेलं. सोनवण्यांनी ते पुसलं आणि त्या सोमवारची पाळी लिहिली. खतांच्या दुकानदारानं त्यांना एकदा विचारलं, "साहेब, खरं खोटं काय ते सांगून टाका की एकदा." सोनवण्यांचं उत्तर त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं. "मी सांगितलं म्हणून विश्वास ठेवणार? मग काल त्यांनी सांगितलं त्यावर ठेवलात, त्यात आणि यात फरक काय?"

संपतची व्हॅन सुरूच होती. शाळेनं त्याला एका स्थानिक डॉक्टरचा दाखला आणायला सांगितला होता, तो त्यानं आणला. दाखल्यात रक्तदाब आणि नजर ठीक असल्याचं होतं. झोपेचा उल्लेख नव्हता.

मार्चमध्ये दुकान बंद झालं. एप्रिलमध्ये परीक्षांच्या बातमीसाठी मी त्याच शाळेत गेलो होतो. कारकून व्हॅनच्या विम्याचे कागद शोधत होता. तीच फाइल टेबलावर उघडी होती. प्रशांतच्या अर्जाच्या मागं टाचलेला एक कागद मी पहिल्यांदा पाहिला. अर्जानंतर आठ दिवसांनी, जूनमध्येच दिलेलं पत्र. अक्षर औषधवाल्याचं, तरी स्वच्छ.

'अर्जदार माझा भाचा आहे. तो कारखान्यात रात्रपाळी करतो आणि सुटल्यावर सकाळी मुलांची गाडी चालवू म्हणतो. रात्रभर जागलेल्या माणसाच्या हाती मुले देऊ नयेत. त्याचा अर्ज मंजूर करू नये, ही विनंती. या पत्राची प्रत मी त्याला दिली आहे.' खाली सही, मधुकर सोनवणे.

"हे तेव्हा इथं होतं?" मी कारकुनाला विचारलं.

"व्हतं की. मागंच टाचलेलं. तुम्ही वरच्याचा फोटू काढला, चहा घेतला आन् गेला."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं न्हाई. मला वाटलं, पेपरवाले हाईत, बघितलं आसंल."

या वेळी मी फाइल शेवटपर्यंत वाचली. त्यात आणखी एक कागद होता. पुण्याच्या छातीच्या डॉक्टरांचं, दिवाळीच्या सुट्टीनंतरचं पत्र. संपतची रात्रभराची तपासणी झाली होती. झोपेत श्वास अडण्याचा आजार गंभीर प्रमाणात असल्याचं निदान होतं. रात्री श्वासाचं मशीन नियमित लावण्याच्या अटीवर गाडी चालवायला हरकत नाही, असं लिहिलं होतं. शाळेनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मी निमोण्याला संपतच्या बायकोला, मंगल यांना भेटलो. तपासणीला त्यांनीच नेलं होतं. बातमी छापून आल्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याचं घोरणं मोबाईलमध्ये भरून घेतलं आणि दुपारी सोनवण्यांना नेऊन ऐकवलं.

"पेपरात तर आलं होतं की ते भाच्यासाठी करतायत. तरी गेलात?" मी विचारलं.

"भाच्यासाठी का करंनात," मंगल म्हणाल्या. "श्वास तर ह्यांचाच बंद व्हतोय ना? मी शेजारी झोपते. मला कुणाचा पेपर लागत न्हाई."

सोनवण्यांनी ते दोनदा ऐकलं, श्वास किती वेळ थांबतो ते घड्याळ लावून मोजलं आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. सुट्टीत शाळा बंद, फेरी बुडत नाही, म्हणून दिवाळीतली तारीखही त्यांनीच फोन करून घेतली. मंगल यांनी हे बाहेर बोलू का, असं विचारलं होतं. सोनवणे म्हणाले होते, आजार संपतचा आहे, सांगायचा का ते तो ठरवेल. संपतनं सांगितलं नाही.

आमच्या दैनिकानं दुरुस्ती छापली. तिसऱ्या पानावर, तळाला. जूनमधल्या पत्राचा मजकूर तिच्यात होता. संपतचं निदान त्याच्या सांगण्यावरून तेव्हा वगळलं; इथं त्याच्या होकारानं दिलं आहे.

एप्रिलच्या शेवटी तो अंक घेऊन मी दौंडला गेलो. सोनवणे एका भाड्याच्या खोलीत राहत होते. भाचा त्याच गल्लीत राहतो. जूनपासून तो त्यांच्याशी बोलत नाही, असं घरमालकिणीनं सांगितलं. दुपारची वेळ होती. ते खुर्चीत ताठ बसून होते. त्यांनी दुरुस्ती वाचली. घडी घालून अंक परत दिला.

"पत्राबद्दल तुम्ही मला तेव्हाच सांगू शकला असता," मी म्हणालो.

"फाइल बघितलीत का, विचारलं होतं."

"मी अर्ज बघितला, म्हणालो."

"हो. मी ऐकलं तेव्हा."

मग त्यांनी विचारलं, "संपत मशीन लावतो का?"

"रोज लावतो."

"कोण म्हणालं?"

"तोच. काल भेटला."

"मग तुम्हाला माहीत नाही."

मी त्यांच्यासमोर मंगल यांना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. मशीन आठवड्यातून चार-पाच रात्री लावलं जातं, असं त्यांनी सांगितलं. नाकाला टोचतं, म्हणून बाकीच्या रात्री संपत ते काढून ठेवतो. अशा रात्रीनंतरच्या सकाळी त्या स्वतः व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून न्हावऱ्यापर्यंत जातात, वाटभर त्याच्याशी बोलत राहतात आणि एसटीनं परत येतात. त्याच दिवशी सकाळीही त्या गेल्या होत्या.